उत्तर ध्रुवाकडील यांत्रिक दूत

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं भूगोलाच्या तासाला आम्ही उत्तर ध्रुवाभोंवतालचा प्रदेश शिकवीत होतों. नकाशावरील पांढऱ्या भागावर छडी ठेवून आम्हीं सांगितलें कीं, येथें जमीन नाहीं. हा आर्क्टिक महासागर असून त्याचा मोठा भाग गोठलेला असतो. तोंच मागच्या बांकावरील एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, त्या बर्फावर कोणी राहत नाहीं, तर तेथें थंडी किती पडली हें रोज लिहून कोण ठेवितो?" वर्गांत हंशा पिकला, परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. ज्या माहितीवर आपण इतक्या सहज विश्वास ठेवितों ती आणिली कोणीं व कशी, असा तो प्रश्न होता. आम्हीं उत्तरास आरंभ केला न केला तोंच घंटा झाली. तें राहिलेलें उत्तर आतां येथें पुरें करितों. विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांनींही तें वाचावें अशी विनंती आहे.

पूर्वीं हें काम माणसें करीत, आणि त्याचें मोल कित्येकदां प्राण देऊन चुकवीत. १८८१ सालीं अमेरिकेच्या लष्करांतील लेफ्टनंट ग्रीली हे, स्वतःस धरून पंचवीस जणांची तुकडी घेऊन, कॅनडाच्या अगदीं उत्तरेकडील लेडी फ्रँकलिन उपसागराच्या कांठीं जाऊन राहिले. अनेक राष्ट्रांनीं मिळून त्या वेळीं असें ठरविलें होतें कीं, ध्रुवप्रदेशांत जागोजाग ठाणीं घालून १८८२-८३ या काळांत सर्वांनीं एकाच पद्धतीनें हवामानाच्या व पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या नोंदी कराव्या. यासच पहिलें आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष म्हणतात. ग्रीलींच्या तुकडीनें आपलें काम नेमानें केलें. परंतु मदतीस निघालेलीं जहाजें १८८२ सालीं व पुन्हां १८८३ सालीं बर्फामुळें तेथवर पोंचूं शकलीं नाहींत. तेव्हां तुकडी होड्यांतून दक्षिणेकडे निघाली व केप सबाइन येथें अडकून पडली. त्या हिवाळ्यांत व पुढील वसंतांत उपासमारीनें एकामागून एक माणूस गेला. १८८४ च्या जून महिन्यांत सुटकेचें जहाज आलें तेव्हां पंचविसांपैकीं सातच जिवंत होते, आणि त्यांतलाही एक थोड्याच दिवसांत वारला. मात्र नोंदींच्या वह्या त्यांनीं टाकून दिल्या नव्हत्या.

अशीं उदाहरणें आणखी आहेत. १८९७ सालीं आंद्रे नांवाचा स्वीडिश इंजिनियर दोन सोबत्यांसह स्पिट्सबर्गेनच्या बाजूनें फुग्यांत बसून ध्रुवाकडे निघाला. तिघांचे अवशेष तेहतीस वर्षांनीं, १९३० सालीं, एका निर्जन बेटावर सांपडले. १९३७ सालीं सोव्हिएट रशियाचे पापानिन व त्यांचे तीन सहकारी विमानानें ध्रुवाजवळ बर्फाच्या एका तरंगत्या पठारावर उतरले, आणि समुद्राची खोली, प्रवाह व हवामान मोजीत २७४ दिवस त्या बर्फाबरोबर दक्षिणेकडे वाहत गेले. शेवटीं ग्रीनलंडच्या पूर्वेस तें पठार फुटून अगदीं लहान उरलें, व १९३८ च्या फेब्रुवारींत जहाजांनीं त्या चौघांस उचलून घेतलें. ते वांचले, पण बर्फ थोडें आधीं फुटलें असतें तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा.

आतां कोणी म्हणेल, आज आकाशांत उपग्रह फिरत आहेत. मग अडचण कसली? उपग्रहांचे उपकार मोठे आहेत यांत शंका नाहीं. १९७९ सालापासून समुद्रावरील बर्फाचा विस्तार ते जवळजवळ अखंड मोजीत आले आहेत. सप्टेंबर महिन्यांत हें बर्फ वर्षांतील सर्वांत कमी असतें. १९८० सालच्या सप्टेंबरांत तो विस्तार ७० लाख चौरस किलोमीटरांहून अधिक होता. २०१२ च्या सप्टेंबरांत तो सुमारें ३४ लाखांवर आला. तेव्हांपर्यंत उपग्रहांनीं इतका कमी विस्तार कधींही पाहिला नव्हता. पांढरें बर्फ आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत फेंकतें. काळसर पाणी तो बहुतेक शोषून घेतें. भर उन्हांत एक पांढरें व एक काळें फडकें शेजारीं पसरून घटकाभरानें हात लावून पाहिल्यास हा भेद मुलांस घरींच कळेल. बर्फ कमी झालें कीं पाणी अधिक तापतें, आणि पाणी तापलें कीं बर्फ आणखी कमी होतें. १९७९ नंतरच्या चार दशकांत तो प्रदेश सर्व पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापला, असा हिशेब २०२२ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

परंतु उपग्रह वरून पाहतो. बर्फाखालचें पाणी किती ऊन व किती खारट आहे हें त्यास दिसत नाहीं. ढगांच्या खालीं, बर्फापासून शें-दोनशें मीटरांवर, हवेचे थर कसे आहेत हेंही त्यास नीट कळत नाहीं. आणि बर्फ कां व कसें वितळतें याचें उत्तर तर बहुतांशीं याच दोन ठिकाणीं दडलेलें आहे. म्हणून कोणी तरी खालीं उतरून मोजलें पाहिजे. तें 'कोणी तरी' आज पुष्कळदां माणूस नसून यंत्र असतें.

या यंत्रांचें कुळ वाटतें त्याहून जुनें आहे. १९३० च्या जानेवारींत रशियन शास्त्रज्ञ मोल्चानोव्ह यांनीं एक फुगा आकाशांत सोडिला. त्याच्याखालीं हवामान मोजण्याचें साहित्य व एक लहानसें बिनतारी यंत्र टांगलेलें होतें. फुगा जसजसा वर गेला तसतशी वरच्या हवेची खबर जमिनीवर ऐकूं आली. पुढच्याच वर्षीं 'ग्राफ झेपेलिन' हें प्रचंड हवाई जहाज आर्क्टिकवरून फिरलें तेव्हां त्यांतूनही असे फुगे सोडण्यांत आले. १९७९ पासून बर्फावर तरंगतीं यंत्रें ठेवण्यास पद्धतशीर आरंभ झाला. खलाशी लोक ज्यांस 'बोया' म्हणतात त्याच जातीचीं हीं यंत्रें असून, बर्फ वाहील तिकडे तींही वाहत जातात व हवेचा दाब आणि उष्णतामान उपग्रहामार्फत कळवितात. २००४ पासून त्यांत एक सुधारणा झाली. बर्फाला भोंक पाडून त्यांतून सुमारें ८०० मीटरांपर्यंत लांब तार खालीं सोडितात. कोळी आपल्या धाग्यावरून चढउतार करितो त्याप्रमाणें एक नळकांड्याच्या आकाराचें यंत्र त्या तारेवरून वरखालीं फिरतें, आणि दर खोलीचें उष्णतामान व क्षारता मोजून वरच्या बोयाच्या स्वाधीन करितें. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें एक उत्तर हें झालें. तेथें रोज लिहून ठेवणारा हा असा कारकून आहे.

पण बोया बर्फाचा बंदा. बर्फ नेईल तिकडे त्यानें जावें. आपण म्हणूं तेथें जाणारें यंत्र पाहिजे असेल तर त्यास पंख किंवा सुकाणूं हवें. लग्नसमारंभांत वरून छायाचित्रें घेणारें चार पंख्यांचें यंत्र, ज्यास 'ड्रोन' म्हणतात, तें आमच्या मुलांनीं पाहिलेंच असेल. त्याचेंच एक मोठें भावंड म्हणजे 'एरोसोंड' नांवाचें चालकरहित विमान. त्याचें वजन अवघें पंधरा किलोग्रॅमांच्या आसपास, व पंखांचा विस्तार सुमारें तीन मीटर. १९९८ च्या ऑगस्टांत अशा एका विमानानें सत्तावीस तासांच्या आंत अटलांटिक महासागर ओलांडला. त्यानंतरच्या वर्षांत अलास्काच्या उत्तर टोंकाच्या बॅरो गांवाहून या जातीचीं विमानें समुद्रावर पाठवून हवेच्या खालच्या थरांची मोजणी करण्यांत आली. (या गांवानें २०१६ सालीं उत्कियागविक हें आपलें जुनें नांव पुन्हां घेतलें आहे.) २००९ च्या जुलैमध्यें अमेरिकेच्या 'नासा' संस्थेनें 'सिएरा' नांवाचें याहून मोठें चालकरहित विमान स्पिट्सबर्गेनवरील नी-ओलेसुंद येथून उडविलें, आणि लेसर किरण व रडार यांच्या साह्यानें समुद्रावरील बर्फाचा खडबडीतपणा मोजिला.

असल्या विमानानें काय साधतें याचें एक उदाहरण देतों. ग्रीनलंडच्या पश्चिमेस स्टोअर नांवाची हिमनदी आहे. उन्हाळ्यांत तिच्या पाठीवर वितळलेल्या पाण्याचीं तळीं सांचतात. कधीं कधीं तळ्याखालचें बर्फ चिरतें व तळें एकाएकीं गडप होतें. त्याच्या कांठीं उभें राहून मोजमाप करणें म्हणजे जिवावर उदार होणें. आणि उपग्रह त्याच घटकेस नेमका वर असेल असें नाहीं. २०१८ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या व इतर संशोधकांनीं तेथें वारंवार ड्रोन उडवून हा प्रकार टिपला. त्यांनीं पुढच्या वर्षीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार एका तळ्यांतील दोनतृतीयांश पाणी, म्हणजे सुमारें ५० लाख घनमीटर, अवघ्या पांच तासांत नाहींसें झालें. तें जवळजवळ एक किलोमीटर खोल, हिमनदीच्या तळाशीं गेलें. त्या पाण्यानें बर्फ अर्धा मीटर वर उचललें गेलें, आणि दिवसाला दोन मीटर सरकणारी ती हिमनदी दिवसाला पांच मीटरांहून अधिक वेगानें समुद्राकडे सरकूं लागली. ओल्या फरशीवरून जड पेटी जशी सहज सरकते तसेंच हें झालें. ग्रीनलंडचें बर्फ किती वेगानें समुद्रांत येईल, व जगांतील किनारे किती बुडतील, याचा अंदाज बांधणाऱ्यांस हे पांच तास फार मोलाचे आहेत.

हवेंतील यंत्रांपेक्षां पाण्याखालील यंत्रें आम्हांस अधिक नवलाचीं वाटतात. त्यांपैकीं 'ग्लायडर' नांवाच्या यंत्राची युक्ति आमच्या शास्त्राच्या वर्गांतील मुलांस सहज समजेल. हें यंत्र माणसाएवढ्या लांबीचें व माशाच्या आकाराचें असून त्यास दोन लहान पंख असतात; परंतु पाणी कापणारा फिरता पंखा नसतो. मग तें चालतें कसें? आर्किमिडीजचा सिद्धांत आठवा. पाण्यांत बुडालेली वस्तु जितकें पाणी बाजूस सारते तितक्या पाण्याच्या वजनाइतकी ती वर ढकलली जाते. ग्लायडरच्या पोटांत थोडें तेल असतें. पंपानें तें तेल बाहेरच्या रबरी पिशवींत लोटलें कीं यंत्राचें वजन तेंच राहतें पण आकारमान वाढतें. यंत्र वर येऊं लागतें. तेल परत आंत घेतलें कीं तें खालीं जातें. आंतील जड विद्युत्घट पुढें किंवा मागें सरकवून त्याचें नाक खालीं अथवा वर करितात, आणि पंखांमुळें या वरखालीं होण्यांतूनच पुढें जाण्याची गति मिळते. हा वेग माणसाच्या चालण्याहूनही कमी, सेकंदास सुमारें पाव मीटर असतो. पण पंप घटकाभरच चालवावा लागत असल्यामुळें वीज फार थोडी लागते, व यंत्र महिनेच्या महिने समुद्रांत राहूं शकतें.

मोकळ्या समुद्रांत ग्लायडर वर येऊन उपग्रहास विचारतें कीं, मी कोठें आहें? बर्फाखालीं तें शक्य नाहीं, कारण बिनतारी लहरी पाण्यांत शिरत नाहींत. येथें ध्वनि उपयोगी पडतो. समुद्राच्या पाण्यांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १५०० मीटर असतो. समुद्रांत ठिकठिकाणीं नांगरून ठेविलेले भोंगे ठरलेल्या वेळीं वाजतात. ग्लायडरजवळ अचूक घड्याळ असतें. भोंगा वाजल्यापासून साठ सेकंदांनीं ऐकूं आला तर अंतर ९० किलोमीटर, हें आमच्या पांचवींतल्या मुलासही काढतां येईल. भोंग्याभोंवतीं नकाशावर ९० किलोमीटर त्रिज्येचें वर्तुळ काढा. यंत्र त्या परिघावर कोठें तरी आहे. दुसऱ्या भोंग्यावरून दुसरें वर्तुळ काढा. दोन वर्तुळें दोन बिंदूंत छेदतात. त्यांपैकीं पूर्वींच्या मार्गाशीं जुळणारा बिंदु तो खरा. भूमितीचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांनीं हें लक्षांत ठेवावें. २००५ नंतरच्या वर्षांत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं याच रीतीनें ग्रीनलंड व बॅफिन बेट यांमधील डेव्हिस सामुद्रधुनींत बर्फाखालून ग्लायडरें चालविलीं. वर बर्फ आहे असें कळतांच यंत्र पुन्हां खालीं वळतें, आणि मोकळें पाणी सांपडेपर्यंत सर्व नोंदी पोटांत जपून ठेवितें.

हें सर्व ऐकून असें वाटूं नये कीं, यंत्र धाडलें म्हणजे काम झालें. चुंबकीय ध्रुव त्या बाजूसच असल्यानें तेथें होकायंत्राची सुई दिशा दाखविण्याऐवजीं खालीं झुकूं पाहते. थंडीनें विद्युत्घटांची शक्ति क्षीण होते. ओलसर ढगांतून उडतांना पंखांवर बर्फाचा थर चढून लहान विमान खालीं येतें. वर सांगितलेलें 'सिएरा' हेंही २०१३ सालीं अलास्काच्या उत्तरेस एका मोहिमेंत समुद्रांत गेलें. तें गेलें तेव्हां पैसा बुडाला, वर्षांचे श्रम बुडाले, संशोधकांस वाईटही वाटलें असेल. पण त्या रात्रीं कोणाच्या घरीं आकांत झाला नाहीं. केप सबाइनच्या त्या अठरा मृत्यूंच्या शेजारीं ही हानि ठेवून पाहिली म्हणजे या यंत्रांचा खरा उपयोग कळतो. जें हरवलें तरी चालेल असें कांहीं तरी पुढें धाडतां येणें, हा मोठाच लाभ आहे.

तरी माणसाची गरज संपलेली नाहीं. २०१९ च्या सप्टेंबरांत 'पोलारस्टेर्न' हें जर्मन संशोधन-जहाज जाणून बुजून बर्फांत अडकवून घेण्यांत आलें, व निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ पाळीपाळीनें त्यावर राहून २०२० च्या ऑक्टोबरांत परतले. या 'मोझेइक' मोहिमेंत बर्फावरून ड्रोन उडत होते व बर्फाखालीं दोरास बांधलेलें यंत्र पोहत होतें. परंतु काळोख्या ध्रुवरात्रींत बोटें बधिर होत असतां तें यंत्र पाण्यांत सोडणारे हात माणसांचेच होते. अस्वलावर नजर ठेवून पहारा करणारे डोळेही माणसांचेच होते. शिवाय त्या किनाऱ्यांवर हजारों वर्षें माणसें नांदत आलीं आहेत. कोणतें बर्फ भार सोसील हें तेथील इनुपियात शिकाऱ्यास जें कळतें तें कोणत्याही यंत्रांत भरलेलें नसतें. आपल्या यंत्रांमुळें त्यांच्या शिकारीस व्यत्यय येऊं न देणें, व काम मांडण्यापूर्वीं त्यांचा सल्ला घेणें, हें पाहुण्या संशोधकाचें कर्तव्यच होय.

आपला देशही या कामापासून दूर नाहीं, हें पालकांस ऐकून समाधान वाटेल. २००८ च्या जुलैमध्यें भारतानें नी-ओलेसुंद येथें 'हिमाद्रि' हें आपलें संशोधन-ठाणें उघडलें. तें ज्या संस्थेमार्फत चालतें ती राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आपल्या शेजारच्या गोव्यांत, वास्को येथें आहे. २०१४ च्या जुलैमध्यें आपल्या शास्त्रज्ञांनीं तेथील काँग्सफियोर्ड या खाडींत १९२ मीटर खोल पाण्यांत 'इंडार्क' नांवाची निर्मनुष्य वेधशाळा नांगरली. तळापासून वर उभ्या दोरावर यंत्रें बांधलेलीं असून तीं पाण्याची उष्णता, क्षारता व प्रवाह मोजीत राहतात. ठराविक मुदतीनें तीं वर काढून नोंदी उतरून घेतात. तिकडील बर्फाचा आणि आपल्या मोसमी पावसाचा कांहीं संबंध आहे कीं काय, हें शोधणें हाही या कामाचा एक हेतु आहे. ज्या देशांतील शेतकरी ज्येष्ठांत आकाशाकडे डोळे लावून बसतो, त्या देशास हा प्रश्न परका कसा वाटावा? २०२३ च्या डिसेंबरापासून आपले शास्त्रज्ञ हिवाळ्यांतही हिमाद्रींत राहूं लागले.

तेव्हां मागच्या बांकावरील आमच्या त्या विद्यार्थ्यास उत्तर असें: तेथील थंडी आज बहुतेक यंत्रें लिहितात. पण काय मोजावें हें यंत्रास कोणीं तरी सांगावें लागतें, आणि त्यानें आणलेल्या आंकड्यांचा अर्थ कोणीं तरी लावावा लागतो. ग्रीलींच्या सोबत्यांनीं मरतांना ज्या वह्या टाकिल्या नाहींत त्यांच्यापुढें आजच्या आंकड्यांच्या राशी जोडून वाचणारा मनुष्यच लागतो. असा मनुष्य होण्यासाठीं ध्रुवावर जावें लागत नाहीं. प्रश्न विचारण्याची लाज न वाटणें व उत्तर मिळेपर्यंत कंटाळा न करणें, इतक्यानें आरंभ होतो. त्या दिवशीं वर्ग हंसला तरी तो मुलगा खालीं बसला नाहीं, हें आम्हांस फार बरें वाटलें. तोच पुढें एखाद्या वर्षीं वास्कोहून निघून काँग्सफियोर्डच्या कांठीं त्या दोरावरील यंत्रें वर ओढीत असलेला दिसला, तर आमचा तो अर्धवट राहिलेला तास खऱ्या अर्थानें पुरा झाला असें आम्ही समजूं.